जिवंत माणसाचं नाव

समाजाच्या कोठीत एक्केचाळीस भांडी होती आणि प्रत्येक भांडं म्हणजे कुणीतरी गेलेलं माणूस होतं.

हुबळीत दुर्गदबैलाच्या मागच्या गल्लीत समाजाचं कार्यालय आहे. सांगली-मिरजेकडून दोन-तीन पिढ्यांपूर्वी दुकानदारीसाठी आलेल्या घरांनी ते बांधलं. कुणाचं कापडाचं दुकान, कुणाचं किराण्याचं, कुणाचं शिलाईचं. परक्या गावात लग्न निघालं किंवा मयत झालं तर दोनशे माणसांचा स्वयंपाक करायला भांडी कुठून आणायची, ही पहिल्या पिढीची मोठी अडचण. त्यातून रीत पडली. घरातलं माणूस गेलं की वर्षाच्या आत त्याच्या नावानं एक तांब्याचं किंवा पितळेचं भांडं समाजाला द्यायचं. भांड्यावर नाव गेलेल्याचंच. देणाऱ्याचं नाव नाही. जिवंत माणसाचं नाव तर कधीच नाही. आणि एकदा दिलेलं भांडं परत घरी न्यायचं नाही. ज्याला लागेल त्यानं न्यावं, चिंच लावून घासून परत आणावं, भाडं नाही, उपकार नाही. श्रीमंताच्या लग्नात जी कढई चढली तीच हमालाच्या तेराव्यालाही चढायची.

भांड्यांना कुणी भांडी म्हणत नसे. रामू आचारी चुलीपाशी उभा राहून ओरडायचा, "हिराबाईत भात टाका. राधाकाकूत तळण. तुकारामअप्पा कुठं आहेत? कणीक मळायची आहे की." तुकारामअप्पा म्हणजे मोठी परात. नवीन सुना पहिल्यांदा ऐकायच्या तेव्हा घाबरायच्या, मग हसायच्या, मग त्याही तसंच बोलायला लागायच्या.

त्या कोठीची किल्ली नागोजीच्या कनवटीला असायची. भांड्यांवर नावं घालायचं कामही त्याचंच. भांड्यांच्या गल्लीत एका दुकानाच्या पायरीवर त्याची बैठक. छिन्नी, लहान हातोडी आणि खाली धरायला लोखंडाचा ठोकळा. ठिपक्याला ठिपका लावून तो अक्षर काढायचा, मराठीत सांगा नाहीतर कन्नडात. लग्नाची भांडी घेऊन खेड्यापाड्यातली माणसं यायची, नाव सांगायची आणि समोर उकिडवी बसून आपलं नाव उमटताना बघायची. नागोजीला बोलायला फार यायचं नाही. हात चालायचा.

एक्केचाळिसावं भांडं त्याच्या बायकोचं होतं. तानूबाई दोन वर्षांपूर्वी पोटाच्या दुखण्यानं गेली. समाजाच्या प्रत्येक कार्यात आमटीची चव तिनं घ्यायची, हे ठरलेलं. रामू आचारी दुसऱ्या कुणाचं ऐकत नसे, पण तिनं पळी तोंडाला लावून मान हलवली तरच तो तपेलं उतरवायचा. शेवटच्या आठवड्यात ती नागोजीला म्हणाली होती, "माझ्या नावानं ताट-वाटी देऊ नका. ती इकडंतिकडं हरवतात. आमटीचं तपेलं द्या. सगळ्यांच्या पानात जाते." नागोजीनं घरातलं किडुकमिडुक घालून तांब्याचं तपेलं घेतलं. नाव घालायला एरवी त्याला पाव तास लागायचा. त्या चार अक्षरांना पूर्ण दिवस गेला.

तेव्हापासून कार्यालयात जेवण असलं की तो स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभा राहायचा. काम काहीच नसायचं. रामू ओरडायचा, "तानूबाईला उतरवा रे, उकळ्या आल्या," आणि दोन पोरं काठी अडकवून तपेलं उतरवायची. एवढं ऐकलं की नागोजी बाहेर येऊन पंगतीत बसायचा. ह्याबद्दल तो कुणाशी बोलला नव्हता. विचारलं असतं तरी काय सांगणार?

दरवर्षी दसरा झाला की भांड्यांना कल्हई व्हायची. मौलासाब कल्हईवाला भाता घेऊन कार्यालयाच्या अंगणात बसायचा आणि चार दिवसांत सगळी भांडी आतून चांदीसारखी करून द्यायचा. त्या वर्षी दसऱ्यानंतर समाजाचे चिटणीस दत्तात्रेय मास्तर स्वतः नागोजीच्या पायरीवर आले. मास्तर लॅमिंग्टन रोडवरच्या एका शाळेत मराठी शिकवायचे. समाजात कागद लिहायचा तर त्यांनीच, भाषण करायचं तर त्यांनीच. त्यांनी सांगितलं की कार्यालयाला रंग काढायचा आहे, अंगण मोकळं हवं, तर यंदा भांडी कल्हईला बाहेर पाठवायची. उद्या सकाळी टेम्पो येईल.

नागोजीला त्यात संशय घ्यावा असं काही दिसलं नाही. मास्तरांच्या शब्दावर संशय घ्यायची समाजात कुणाला सवय नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यानं कोठी उघडली आणि एक्केचाळीस भांडी स्वतःच्या खांद्यावर आणून टेम्पोत भरली. टेम्पोवाल्या हणमंतला तीनदा सांगितलं की जड भांडी खाली घाल. तानूबाईच्या तपेल्याला त्यानं जुन्या धोतराचा तुकडा गुंडाळला, चेपायला नको म्हणून. टेम्पो कोपऱ्यावर वळेपर्यंत तो रस्त्यात उभा होता.

दहा-बारा दिवसांनी बाजारात मौलासाब भेटला. नागोजीनं विचारलं की काम कुठवर आलं, लग्नसराई तोंडावर आली. मौलासाब त्याच्याकडे बघत राहिला.

"कुठलं काम अण्णा?"

"समाजाची भांडी."

"बंदिल्ल," मौलासाब म्हणाला. "एक पळीसुद्धा आली नाही. मीच म्हणायलो होतो, यंदा नागोजीअण्णा रागावले की काय माझ्यावर."

नागोजी तिथून तडक लॅमिंग्टन रोडला गेला. शाळेची मधली सुट्टी होती. मास्तर फाटकाशी आले, त्यांनी नागोजीचा चेहरा बघितला आणि त्याला बाजूच्या झाडाखाली नेलं. मग जे सांगितलं ते असं.

श्रीकांतशेठ महापालिकेच्या निवडणुकीला उभे राहायलेत. आपल्याच समाजातला माणूस. केशवापुरात बंगला, तेलाची गिरणी, जुन्या तांब्यापितळेच्या मोडीचा घाऊक व्यापार आणि आता स्टीलच्या भांड्यांची एजन्सी. ते समाजाला स्टीलची तीनशे ताटं आणि स्वयंपाकाची तीस मोठी भांडी दान देणार आहेत, सगळ्यांवर स्वतःचं नाव घालून. मतदानाच्या आधीच्या रविवारी नव्या ताटांत समाजाचं जेवण. जुनी भांडी जड झाली, दरवर्षी कल्हईचा व्याप, पोरांना घासायला नकोशी वाटतात. म्हणून कमिटीनं ती शेठकडे मोडीत दिली. नागोजी ऐकणार नाही म्हणून कल्हईचं सांगावं लागलं, ह्याचं मास्तरांना वाईट वाटत होतं. तसं ते दोनदा म्हणाले.

"इथं आपण मूठभर माणसं," मास्तर म्हणाले. "आपला एक माणूस तिथं आत बसला पाहिजे. नळ पाहिजे, शाळा पाहिजे, कोण विचारतंय आपल्याला? त्यासाठी चार भांडी गेली तर गेली."

"चार नाही. एक्केचाळीस," नागोजी म्हणाला. "आणि ती गेली नाहीत मास्तर. मी माझ्या खांद्यावरून नेऊन दिली. तुम्ही माझ्याकडून देववली."

मास्तरांनी घंटा झाल्याचं सांगितलं आणि ते आत गेले. घंटा झाली नव्हती.

परत येताना नागोजीच्या डोक्यात एक गोष्ट हळूहळू उलगडत गेली. जन्मभर भांड्यांच्या गल्लीत बसलेला माणूस. तांबं काय आणि स्टीलचा पत्रा काय, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. ती एक्केचाळीस भांडी म्हणजे जुनं, जाड, अस्सल तांबं-पितळ. तांब्याचा भाव तेव्हा वर्षावर्षाला चढत होता आणि स्टीलचा पातळ पत्रा एजन्सीवाल्याला फुकटच्या भावात पडत होता. म्हणजे शेठनं समाजाला काही दिलंच नव्हतं. समाजाच्या मेलेल्या माणसांना मोडीत घालून त्यातून ताटं आणली होती, वर आणखी उरलं असणार, आणि त्या ताटांवर दानशूर म्हणून स्वतःचं नाव. आपल्याच घरातलं उचलायचं, आपल्यालाच द्यायचं आणि आपणच वर हात जोडून उभं राहायचं. ह्याला दान म्हणायचं? उघड्यावर चोरी करणाऱ्याला निदान पळावं तरी लागतं.

कुणाला हे सांगायचं म्हणून तो मथुराअक्काकडे गेला. मथुराअक्का तानूबाईची मैत्रीण. विधवा, शिलाईवर घर चालवलेली, तोंडाची तिखट. हिराबाई म्हणजे भाताचं मोठं पातेलं, ती तिची आई. नागोजीनं दोन वाक्यांत सांगितलं. मथुराअक्कानं मशीन थांबवलं, अर्धवट शिवलेलं कापड बाजूला टाकलं आणि पायात चपला घातल्या. 

दोघांनी मागे लागून समाजाची सभा बोलावली. नागोजीला वाटलं होतं की लोकांना कळलं की आग लागेल. एक्केचाळीस घरांचा प्रश्न होता. संध्याकाळी कार्यालय भरलं. नागोजीनं उभं राहून जे झालं ते सांगितलं, शेवटी तांब्याचा हिशोबही सांगितला आणि तो खाली बसला. कुणी बोललं नाही.

मग त्यानं एकेकाकडे बघायला सुरुवात केली आणि त्याला कळत गेलं. हा पुढच्या रांगेतला, ह्याचा मुलगा शेठच्या गिरणीत कारकून लागलाय गणपतीपासून. तो खांबाला टेकलेला, त्याचं दुकान शेठच्या इमारतीत. तिसऱ्याच्या दारात मागच्याच महिन्यात नळ आलाय. ज्याला काही मिळालं नव्हतं त्याला मिळेल असं सांगितलेलं होतं. राधाकाकूचा नातू खाली मान घालून चटईची काडी उपटत होता. त्याला धारवाडला कॉलेजात जागा हवी होती आणि सप्तापुरात खोली, दोन्ही शेठ करून देणार होते. कुणी विकलं गेलं असं म्हणायचीही सोय नव्हती. प्रत्येकाला हवी होती तीच गोष्ट मिळाली होती, आणि ती देणारा एकच माणूस होता.

एक म्हातारे उठून म्हणाले की स्टील चकचकीत राहतं हे खरं. दुसरे म्हणाले, पाहुण्यांसमोर बरं दिसतं. मास्तरांनी सांगितलं की जिवंत माणसाचं नाव घालू नये असा नियम समाजाच्या घटनेत कुठंही लिहिलेला नाही, त्यांनी कालच वाचून काढली. गेलेल्यांच्या नावांचा एक फलक रंगवून भिंतीवर लावू.

तेव्हा मथुराअक्का उठली. "फलकात भात शिजतो का मास्तर?" ती म्हणाली. "आणि मला एवढं सांगा, उद्यापासून रामूनं काय ओरडायचं? श्रीकांतशेठात आमटी टाका? श्रीकांतशेठला उतरवा, करपायलाय? जिवंत माणसाला चुलीवर चढवायचं म्हणजे त्याच्या जिवाला घोर की. त्याच्या बायकोला तरी विचारलंय का?"

बायका हसल्या, पुरुषही हसले. क्षणभर नागोजीला वाटलं की सभा फिरली. पण हसून झाल्यावर मास्तरांनी हात वर करायला सांगितलं. जुनी भांडी परत मागायची ह्या बाजूनं तीन हात वर झाले. नागोजीचा, मथुराअक्काचा आणि दारातून रामू आचाऱ्याचा. रामू सभासद नव्हता, त्याचा हात मोजला नाही.

तरीही एक गोष्ट अडली. समाजातल्या म्हाताऱ्या बायकांनी सभेत काही म्हटलं नाही, पण घरी जाऊन म्हटलं. जिवंत माणसाच्या नावात जेवायचं त्यांना अभद्र वाटायला लागलं. मथुराअक्काच्या बोलण्यानं ते आणखी पक्कं झालं. शेवटी त्यांच्यातून असं निघालं की नागोजीनं स्वतःच्या हातानं नाव घातलं तर चालेल. इतकी वर्षं समाजाचं प्रत्येक नाव त्यानंच घातलंय, त्यानं घातलं म्हणजे रीतीत बसलं. ही गोष्ट फिरत फिरत केशवापूरला पोचली.

तीन दिवसांनी नागोजीला निरोप आला. शेठनं स्टेशनमागच्या गोदामात बोलावलंय, हत्यारं घेऊन या.

नागोजी जाणार नव्हता. पण निरोप आणणारा हणमंत होता, तोच टेम्पोवाला, आणि जाता जाता तो म्हणाला, "ते धोतर गुंडाळलेलं तपेलं आहे बघा तिथं अजून."

नागोजीनं पिशवीत हत्यारं टाकली.

गोदामात एका बाजूला छतापर्यंत मोड रचलेली होती. चेपलेल्या घागरी, कान तुटलेल्या कढया, कुठल्या कुठल्या गावांहून आलेल्या. दुसऱ्या बाजूला नवी ताटं कागदात बांधलेली. मध्ये टेबल, टेबलावर तानूबाईचं तपेलं. धोतराचा तुकडा काढून घडी करून शेजारी ठेवला होता. तपेलं कुणीतरी घासून लख्ख केलं होतं.

श्रीकांतशेठ उठून उभे राहिले. चाळिशीचा माणूस, पांढरे कपडे, बोलणं मऊ. त्यांनी नागोजीला वाकून नमस्कार केला, खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, लहानपणी तानूमावशींच्या हातची आमटी किती वेळा जेवलोय, वाढताना त्या दोनदा विचारायच्या. ते खरंच होतं. तेव्हा ह्या शेठच्या बापाची परिस्थिती बेताची होती आणि बापाच्या तेराव्याचा स्वयंपाक समाजाच्याच भांड्यांत झाला होता. नागोजीनंच ती मोजून दिली होती आणि नागोजीनंच परत घेतली होती.

"बाकीची?" नागोजीनं विचारलं.

"ती भट्टीला गेली अण्णा. पहिल्याच आठवड्यात गेली. व्यवहार आहे, थांबत नाही." शेठनं तपेल्यावर हात ठेवला. "हे तेवढं मी बाजूला काढून ठेवलं. त्याच दिवशी. तुमच्यासाठी."

नागोजी तपेल्याकडे बघत राहिला. चार अक्षरं. 'बा'चा काना थोडा तिरका गेला होता. ते फक्त त्यालाच माहीत होतं.

"घरी घेऊन जा," शेठ म्हणाले. "हणमंत पोचवेल. मला त्यात काही नको. ताटांवर तेवढं नाव घालून द्या. मधोमध घाला, घास संपला की दिसेल असं. मजुरी तुम्ही म्हणाल ती. आणि समाजात कुणी विचारलं तर सांगा, मी घातलंय म्हणून. एवढंच."

"त्याच दिवशी काढून ठेवलं होतं म्हणालात," नागोजी म्हणाला.

"हो की. मुद्दाम."

"म्हणजे बाकीची कोण आहेत हेही तुम्हाला त्या दिवशी ठाऊक होतं."

 चहा आला. नागोजीनं कपाला हात लावला नाही.

त्याच्या मनात तेव्हा खूप काही एकदम उसळलं. हा माणूस चुकला नव्हता. अजाणतेपणी त्यानं काही केलं नव्हतं. भट्टीत घालताना एकेक नाव वाचून घातलं होतं त्यानं, आणि वाचता वाचता हिशोब केला होता की ह्यातलं कुठलं नाव कुणाला विकत घ्यायला कामी येईल. चाळीस नावं उपयोगाची नव्हती, ती वितळवली. एक होतं, ते घासून टेबलावर मांडलं. आणि समाजातल्या प्रत्येकाच्या बाबतीत त्यानं असंच केलं होतं. कुणाचं मूल टेबलावर मांडलं, कुणाचं दुकान, कुणाचा नळ. आज नागोजीची बायको मांडली होती.

सगळ्यात वाईट म्हणजे नागोजीला ते तपेलं हवं होतं. खोटं कशाला बोला. दोन वर्षं रिकाम्या घरात जेवण करून खाणारा माणूस तो. ते घरी कोपऱ्यात असतं, सकाळी उठल्यावर दिसलं असतं, एवढ्यानंसुद्धा त्याला पुरलं असतं. तीनशे ताटांचं काम म्हणजे आठवडा. कुणी त्याला नावं ठेवली नसती. उलट म्हणाले असते, बरं झालं, नागोजी शहाणा झाला.

"दिलेलं भांडं घरी नेत नसतात," तो म्हणाला.

"मग कोठीत ठेवा. नव्या भांड्यांच्या शेजारी. माझी काही ना नाही."

"एकटंच?"

"एकटंच का होईना, मावशींचं नाव तर राहिलं. बाकीच्यांनी मागितलं नाही अण्णा. तुम्ही मागितलंत, तुम्हाला मिळालं. जगात असंच असतं."

नागोजी उठला. त्यानं पिशवीतून हत्यारं काढून टेबलावर मांडली. शेठचा चेहरा खुलला, त्यांनी हणमंतला पहिला गठ्ठा सोडायला सांगितलं. हणमंतनं एक ताट काढून समोर ठेवलं. नागोजीनं ते बाजूला सरकवलं आणि तपेलं पुढं ओढून आडवं केलं. लोखंडाचा ठोकळा तपेल्याच्या आत, नावाच्या मागे धरला. छिन्नी घेतली नाही. हातोडी चपट्या बाजूनं धरली आणि पहिला घाव घातला.

"अहो, काय करायलाय?" शेठ म्हणाले.

नागोजीनं दुसरा घाव घातला. ठिपके घालताना जेवढे घाव लागतात त्याहून ते सपाट करायला जास्त लागतात. तांबं मऊ असतं, पण एकदा खोल गेलेला ठिपका सहज वर येत नाही. आधी 'ई' गेली. मग 'बा', तो तिरका काना. मग 'नू'. गोदामात पत्र्याचं छप्पर होतं, प्रत्येक घाव दोनदा ऐकू येत होता. बाहेरचे हमाल दाराशी येऊन उभे राहिले. शेठनं एकदा त्याचा हात धरायला हात पुढं केला आणि मागं घेतला. 'ता' शेवटी राहिला. नागोजी तिथं थांबला. त्याचे डोळे भरले होते आणि अक्षर नीट दिसत नव्हतं, म्हणून त्यानं बाहीनं डोळे पुसले, मग तेही अक्षर ठोकून बसवलं. हातानं चाचपून बघितलं. नुसता चेपलेला, डागाळलेला पत्रा लागला.

तपेलं त्यानं उचललं आणि समोरच्या मोडीच्या ढिगावर ठेवलं. फेकलं नाही.

"आता ते तांबं आहे," तो म्हणाला. "तुमच्या धंद्याचं आहे. घ्या. माझी बायको टेबलावर मांडायला नाही मिळायची तुम्हाला."

"डोकं फिरलंय तुमचं," शेठ म्हणाले. आवाजातला मऊपणा गेला होता. "एका भांड्यासाठी. मी नाव घालणारा बेळगावहून आणीन, मशीनचा. दोन दिवसांत घालून देईल. तुमच्यावाचून अडलंय होय माझं?"

"अडलं नसतं तर बोलावलं नसतं," नागोजी म्हणाला आणि धोतराचा तुकडा पिशवीत टाकून बाहेर पडला.

बेळगावहून माणूस आला. विजेवर चालणारं मशीन होतं, घर्रकन नाव उमटायचं, ठिपका नाही की काही नाही. सगळं वेळेत झालं. म्हाताऱ्या बायकांची समजूत मास्तरांनी घातली, प्रत्येकीला एक-एक स्टीलचा डबा घरपोच करून. मथुराअक्कानं तिचा डबा गटारात टाकला. ती सांगते की दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिथं नव्हता, आणि कुणी नेला हे तिला ठाऊक आहे.

रविवारी जेवण. शनिवारी दुपारी मास्तर आणि कमिटीतली दोन माणसं नागोजीच्या घरी आली. ताटं कार्यालयात येऊन पडली होती, कोठीत ठेवायची होती, आणि कोठीला कुलूप होतं. मास्तरांनी आधी तब्येत विचारली. मग म्हणाले की झालं ते झालं, राग धरण्यात अर्थ नाही, तानूबाई असत्या तर त्यांनीच समजावलं असतं.

"तिचं नाव घेऊ नका मास्तर," नागोजी म्हणाला. "ते आता कुठंच लिहिलेलं नाही. तुमच्या तोंडात तरी कशाला?"

 कमिटीतल्या एकानं किल्ली मागितली. म्हणाला, किल्ली समाजाची आहे, नागोजीच्या बापाची नाही.

"समाजाचीच आहे," नागोजी म्हणाला. "समाजानं एक्केचाळीस भांडी सांभाळायला दिली होती. ती मी सांभाळली नाहीत, तुमच्या शब्दावर गाडीत भरून दिली. ती चूक माझी. जन्मभर माझी. पण दुसऱ्यांदा त्या कोठीचं दार माझ्या हातानं उघडणार नाही. किल्लीनं उघडलं तर नागोजीनं उघडलं असं होईल. तुम्ही कुलूप तोडा. तुमच्या हातानं तोडा मास्तर, म्हणजे कुणी केलं ते सगळ्यांना दिसेल."

तो त्यांच्याबरोबर कार्यालयात आला आणि कोठीसमोर भिंतीला टेकून उभा राहिला. ताटांचे गठ्ठे अंगणात होते. माणसं जमली. कुणीतरी घण आणून मास्तरांच्या पायाशी ठेवला. कुलूप जुनं होतं, लोखंडी, दोन घावांत तुटलं असतं. मास्तरांनी घणाकडे बघितलं, मग नागोजीकडे, मग जमलेल्या माणसांकडे. कुणीच पुढं झालं नाही. तेवढ्यापुरतं नागोजीला वाटलं, की अजून काहीतरी शिल्लक असेल ह्यांच्यात.

अर्धा तास गेला असेल. मग कमिटीतल्या एकानं कोपऱ्यावर जाऊन रस्त्यावरचा एक हमाल बोलावून आणला. त्याला समाज माहीत नव्हता, भांडी माहीत नव्हती, कुणाचं काय आहे ते माहीत नव्हतं. त्यानं दोन घाव घातले, कुलूप खाली पडलं, त्यानं हात पुढं केला.

तेही काम त्यांनी पैसे देऊन करून घेतलं.